घातक चूक आणि प्रोग्रॅमचें कर्तव्य

काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याचें शिक्षण आतां शाळाशाळांतून मिळूं लागलें आहे. या पद्धतीस कमांड लाइन असें म्हणतात. तींत चित्रें नसतात, बटनें नसतात. आपण एक ओळ लिहावी आणि प्रोग्रॅमनें तिचें उत्तर द्यावें, इतकाच काय तो व्यवहार. हा व्यवहार सुरळीत चालला म्हणजे विद्यार्थ्यांस आनंद होतो. परंतु प्रोग्रॅम मध्येंच थांबला आणि त्यानें एखादी रुक्ष ओळ समोर टाकली, कीं बहुतेकांची मुद्रा उतरते व "प्रोग्रॅम बिघडला" असा एकच ओरडा होतो. प्रस्तुत पाठांत आम्हांस असें दाखवावयाचें आहे कीं, अशा प्रसंगीं प्रोग्रॅम बहुधा बिघडलेला नसतो. उलट त्या क्षणीं तो आपलें सर्वांत मोठें कर्तव्य बजावीत असतो. भय बाळगावें तें अशा प्रोग्रॅमचें, कीं जो थांबावयास पाहिजे तेथें थांबत नाहीं आणि सर्व कांहीं ठीक असल्याचें सांगत पुढें जातो.

विषय किंचित् रुक्ष आहे. म्हणून आपल्या परिचयाचेंच एक उदाहरण घेऊन आपण त्याचा विचार करूं.

१. शून्य आणि मौन

महाड-पोलादपूरच्या मुलुखांतील वाचकांस पावसाचें महत्त्व सांगावयास नको. इ. स. २०२१ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस, दुपार उलटल्यावर, महाड तालुक्यांतील तळीये गांवच्या एका वाडीवर डोंगराची दरड कोसळली. ऐंशींहून अधिक माणसें त्या एका घटनेंत दगावलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडी कोसळून माणसें गेलीं. त्याच सुमारास महाबळेश्वर येथें अवघ्या चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. डोंगरमाथ्यावरचें तें पाणी सावित्रीच्या खोऱ्यांत उतरलें, महाड शहर पुरांत बुडालें, रस्ते बंद पडले, आणि मदतीचीं पथकें तळीये येथें पोहोंचण्यास दुसरा दिवस उजाडला.

या दुर्घटनेंत कोणा संगणकाचा दोष होता, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु अशा दिवसांत जी गोष्ट प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असते, तीच संगणकास शिकवावी लागते. ती गोष्ट ही कीं, डोंगराआडच्या गांवाकडून कांहीं वार्ता येत नाहीं, याचा अर्थ तेथें सर्व क्षेम आहे असा होत नाहीं. वार्ता न येणें हीच कधीं कधीं सर्वांत वाईट वार्ता असते.

आतां असें समजूं कीं, आपण एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. डोंगरपट्टींत पांच पर्जन्यमापकें बसविलीं आहेत. प्रत्येकाची चोवीस तासांची नोंद सकाळीं एकेका फाइलींत येऊन पडते. प्रोग्रॅमनें त्या पांच फाइली वाचाव्या, सरासरी काढावी आणि पाऊस कोणत्या वर्गांत मोडतो तें छापावें, एवढेंच त्याचें काम. भारतीय हवामानखात्याच्या वर्गीकरणाप्रमाणें एका दिवसांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तो सर्वांत वरच्या, म्हणजे अत्यंत मुसळधार वर्गांत जातो, आणि ११५.६ पासून २०४.४ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस त्याच्या खालच्या वर्गांत येतो. खातें हें माप एकेका केंद्रास लावितें. आपण तें केवळ उदाहरणापुरतें सरासरीस लावूं.

एके सकाळीं चार फाइली आल्या. त्यांतील आंकडे २१०, १८५, २४० व १९५ असे होते. पांचवी फाइल आलीच नाहीं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें अशी सोय करून ठेविली होती कीं, फाइल न सांपडल्यास तिची नोंद शून्य धरावी, म्हणजे काम अडणार नाहीं. काम खरोखरच अडलें नाहीं. चौघांची बेरीज ८३०. तींत शून्य मिळवून पांचांनीं भागिलें असतां सरासरी १६६ आली, आणि प्रोग्रॅमनें पाऊस खालच्या वर्गाचा असल्याचें ठळक अक्षरांत छापलें. वस्तुतः आलेल्या चार नोंदींचीच सरासरी २०७.५ होते, म्हणजे ती वरच्या वर्गांत जाते. शिवाय पांचवें पर्जन्यमापक मुक्यानें बसलें तें कदाचित् पावसाच्या माऱ्यानेंच बंद पडलें असेल, आणि तसें असल्यास सर्वांत अधिक पाऊस तेथेंच झाला असण्याचा संभव! गणितांत चूक नाहीं, बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, आणि तरी उत्तर मात्र घातक. चूक एकाच ठिकाणीं झाली: मौनास शून्य मानलें.

२. घातक चूक कोणती ?

प्रत्येक चुकीस प्रोग्रॅमनें प्राण सोडावा असें मात्र नाहीं. चुकांचे आपण तीन वर्ग करूं.

पहिला वर्ग, जागच्या जागीं सुधारतां येणाऱ्या चुकांचा. फाइलींत एखादी ओळ कोरी राहिली, आंकड्याच्या मागें मोकळी जागा पडली, तर प्रोग्रॅमनें ती गाळावी व पुढें जावें. अर्थ बदलत नाहीं, तोंवर असा उदारपणा योग्यच होय.

दुसरा वर्ग, थोडें थांबून पुन्हां प्रयत्न केल्यास दूर होणाऱ्या चुकांचा. दूरच्या संगणकाशीं जोडणी क्षणभर तुटली, तर कांहीं सेकंद वाट पाहून पुन्हां हांक मारावी. मात्र हे प्रयत्न किती वेळ करावयाचे याची मर्यादा आधींच ठरविलेली असावी. नाहींतर प्रोग्रॅम दिवसभर दारांत उभा राहतो आणि घरच्यांस वाटतें कीं तो कामावर गेला आहे.

तिसरा वर्ग घातक चुकांचा. जी फाइल असलीच पाहिजे ती नाहीं. डिस्क भरली, म्हणून लिहिलेलें उत्तर ठेवावयास जागा नाहीं. संगणकानें स्मृति देण्याचें नाकारलें. ज्या गोष्टीविषयीं प्रोग्रॅमनें खात्री बाळगली होती तीच खोटी ठरली. या चुका आकारानें मोठ्या असतात असें नाहीं. त्यांना घातक म्हणावयाचें तें अशासाठीं कीं, त्यांच्यानंतर प्रोग्रॅम जें जें बोलेल त्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. पायाखालची जमीन सरकली असतां पुढचें प्रत्येक पाऊल चुकीचेंच पडणार. अशा वेळीं शहाण्यानें पाऊल टाकूं नये.

येथें एक शंका विचारतां येईल. पांचांपैकीं एक नोंद नसली, तर उरलेल्या चारांचें उत्तर देणें बरें नव्हे काय? अवश्य बरें, पण तें चारांचें आहे असें स्पष्ट सांगून. "पांचांपैकीं चारच नोंदी मिळाल्या, अमुक केंद्राची वार्ता नाहीं" हें वाक्य त्या उत्तराशीं बांधूनच गेलें पाहिजे. अर्धें उत्तर देणें हा दोष नव्हे. अर्धें उत्तर पुरें म्हणून देणें हा दोष होय.

३. थांबणाऱ्या प्रोग्रॅमचीं चार कर्तव्यें

घातक चूक आढळली म्हणजे प्रोग्रॅमवर चार कर्तव्यें येतात. तीं क्रमानें पाहूं.

पहिलें कर्तव्य: तेथेंच थांबणें. चूक घडली एका ठिकाणीं आणि प्रोग्रॅम कोसळला तिसऱ्याच ठिकाणीं, असें झालें म्हणजे शोध घेणाऱ्याचे दिवसचे दिवस वायां जातात. ज्या पायरीवर ठेंच लागली त्याच पायरीवर थांबावें.

दुसरें कर्तव्य: काय झालें तें स्पष्ट सांगणें. "चूक झाली" एवढ्यानें कोणाचें समाधान होणार? प्रोग्रॅमनें आपलें नांव, आपण काय करूं पाहत होतों, कोणत्या वस्तूवर करूं पाहत होतों आणि तें कां झालें नाहीं, या चार गोष्टी एका ओळींत सांगाव्या. उदाहरणार्थ: "पर्जन्य: केंद्र ५ ची फाइल उघडतां आली नाहीं, अशी फाइल अस्तित्वांत नाहीं." हें वाक्य रात्रीं दोन वाजतां झोंपेतून उठलेल्या माणसाससुद्धां कळेल, आणि तेंच वाक्याची कसोटी समजावी.

परंतु काय सांगावें याइतकेंच कोठें सांगावें यास महत्त्व आहे. युनिक्स व त्याच्या वंशांतील सर्व प्रणालींत प्रत्येक प्रोग्रॅमला बोलण्याचे दोन मार्ग दिलेले असतात. एकास स्टँडर्ड आउटपुट व दुसऱ्यास स्टँडर्ड एरर म्हणतात. पहिल्या मार्गानें उत्तर जावें, दुसऱ्यानें तक्रार. आरंभीं हे दोन मार्ग वेगळे नव्हते. बेल लॅबोरेटरींत, जेथें युनिक्सचा जन्म झाला, तेथें अक्षरजुळणीच्या छायायंत्राकडे मजकूर पाठविला असतां कधीं कधीं "फाइल उघडतां आली नाहीं" अशी तक्रारच त्या महागड्या कागदावर सुबक टाइपांत छापून येई, आणि या त्रासांतून दुसरा मार्ग काढण्यांत आला, अशी हकीकत सांगतात.

उत्तर आणि तक्रार एकाच वाटेनें गेल्यास किती अनर्थ होतो, याचा दाखला इ. स. १९९६ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस जगास मिळाला. त्या दिवशीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयाना येथून युरोपचें एरियन ५ हें अग्निबाण पहिल्यानेंच उडालें. त्याच्या दिशादर्शक यंत्रांतील प्रोग्रॅम जुन्या एरियन ४ वरून घेतलेला होता. एक मोठी संख्या सोळा बिटांच्या जागेंत बसवावयाची होती. त्या जागेंत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. नव्या बाणाचा वेग अधिक असल्यामुळें संख्या त्याहून मोठी निघाली. यंत्र चुकलें व बंद पडलें. त्याच्या जोडीस ठेविलेलें दुसरें यंत्र तंतोतंत तसेंच असल्यामुळें तेंही त्याच कारणानें बंद पडलें. येथपर्यंतही एक वेळ सांवरतां आलें असतें. परंतु बंद पडतांना यंत्रानें जी चुकीची हकीकत पाठविली, ती मुख्य संगणकानें उड्डाणाची खरी माहिती म्हणून वाचली! त्याप्रमाणें त्यानें बाणाचीं नळकांडीं वळविलीं, बाण वाटेवरून वळला, आणि उड्डाणास पुरा एक मिनिटही झाला नव्हता तोंच त्याचा चुराडा झाला. सुदैवानें त्यांत कोणी माणूस नव्हतें. तक्रार ही तक्रार म्हणून ओळखूं आली पाहिजे, हा धडा याहून स्पष्ट कोणता असणार?

तिसरें कर्तव्य: मागून येणाऱ्यास अडविणें. आपण वाचतों तें वाक्य माणसासाठीं झालें. पण कमांड लाइनवर प्रोग्रॅम एकटा क्वचित् असतो. एकाचें काम संपलें कीं दुसरा सुरू होतो, आणि दुसऱ्यास वाक्य वाचतां येत नाहीं. त्याच्यासाठीं प्रत्येक प्रोग्रॅम जातांना एक आंकडा ठेवून जातो. त्यास एक्झिट कोड म्हणतात. हा आंकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. शून्य म्हणजे काम यशस्वी झालें. दुसरा कोणताही आंकडा म्हणजे झालें नाहीं. यशास शून्य कां, असें विद्यार्थी नेहमीं विचारतात. कारण सोपें आहे: यश एकाच प्रकारचें असतें, अपयशाचे प्रकार पुष्कळ; म्हणून उरलेले सर्व आंकडे अपयशास दिले. १२७ म्हणजे त्या नांवाची आज्ञाच सांपडली नाहीं. १२६ म्हणजे सांपडली, पण चालवितां येत नाहीं. १३० म्हणजे कोणी कंट्रोल व सी या कळा दाबून मध्येंच थांबविलें. १३७ म्हणजे बाहेरून सक्तीनें ठार केलें.

या आंकड्याचें महत्त्व आपल्याच तालुक्यांतील एका घटनेवरून समजेल. इ. स. २०१६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेस रात्रीं मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल पुरांत वाहून गेला. अंधार, भर पाऊस. पूल नाहींसा झाला आहे हें मागून येणाऱ्यास कळण्यास कांहींच साधन नव्हतें. एस. टी. च्या दोन गाड्या व खासगी मोटार उतारूंसह नदींत गेल्या. पुढें आसपासच्या लोकांच्या तें ध्यानीं येऊन त्यांनीं रस्त्यावर उभें राहून वाहनें अडविलीं, म्हणून आणखी जीव जातां जातां वांचले. इ. स. २०१७ च्या जून महिन्यांत तेथें नवा पूल सुरू झाला. परंतु त्या रात्रीं रस्त्यावर उभें राहून हात वर करणाऱ्यांचें मोल कोणत्याही पुलाहून कमी नाहीं. एक्झिट कोड हा असाच रस्त्यावर उभा राहणारा माणूस होय. चूक होऊनही जो प्रोग्रॅम शून्य ठेवून जातो, तो तुटलेल्या पुलावर हिरवा दिवा लावून जातो.

आणि ज्याला अडवावयाचें त्यानेंही हात पाहिला पाहिजे. दोन आज्ञांमध्यें && हें चिन्ह घातलें असतां पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते; नुसता अर्धविराम घातला तर पहिलीचें कांहींही होवो, दुसरी चालतेच. अनेक आज्ञांची यादी एका फाइलींत लिहून चालविली, तर मधली एखादी चुकली तरी शेल पुढचीं कामें करीतच राहतो. म्हणून यादीच्या आरंभीं 'सेट -ई' ही सूचना देण्याची वहिवाट आहे, जेणेंकरून पहिल्या चुकीसच यादी थांबावी. या सूचनेसही अपवाद आहेत, म्हणून तिच्यावर भार टाकून निश्चिंत राहूं नये. उभ्या रेघेनें अनेक प्रोग्रॅम एकापुढें एक जोडिले असतां आंकडा फक्त शेवटच्याचा मिळतो. पहिला मेला तरी शेवटचा सुखरूप असल्यास सर्व ठीक दिसतें. तो डाग झांकला जाऊं नये म्हणून बॅश या शेलमध्यें 'पाइपफेल' नांवाची सोय ठेविली आहे.

चौथें कर्तव्य: मागें घाण न ठेवणें. प्रोग्रॅम अर्धें उत्तर लिहून मेला, तर तें अर्धें उत्तर तेथें पडून राहतें आणि दुसरा कोणी तें पुरें समजून वापरतो. म्हणून जाणते लोक उत्तर प्रथम तात्पुरत्या नांवाच्या फाइलींत लिहितात, तें पुरें झाल्याची खात्री करितात, आणि मग त्या फाइलीचें नांव बदलून खरें नांव देतात. एकाच डिस्कविभागावर नांव बदलण्याची क्रिया एका झटक्यांत होते. वाचणाऱ्यास एक तर जुनें पुरें उत्तर दिसतें, नाहींतर नवें पुरें. अर्धवट कधींच दिसत नाहीं. तात्पुरत्या फाइली पुसण्याचें काम मरतांना आपोआप व्हावें म्हणून शेलमध्यें 'ट्रॅप' ही आज्ञा असते. मात्र सक्तीनें ठार केलेल्या प्रोग्रॅमला, किंवा वीज गेल्यावर कोणालाच, आवरण्यास वेळ मिळत नाहीं. सबब रचनाच अशी करावी कीं, कोणत्याही क्षणीं अकस्मात् मृत्यु आला तरी मागें अनर्थ उरूं नये.

४. थांबण्याचा अधिकार कोणाचा ?

एरियनच्या कथेंत आणखी एक बोध आहे. दिशादर्शक यंत्रांतील ज्या गणितानें घात केला, त्याचा जमीन सोडल्यानंतर कांहींच उपयोग नव्हता. निरुपयोगी कामांतील चुकीसाठीं यंत्रानें प्राण सोडला, आणि सबंध बाण त्यासरशीं गेला. भागास जें घातक, तें सबंधास घातक असेलच असें नाहीं.

म्हणून प्रोग्रॅमच्या पोटांतील लहान भागानें, ज्यास फंक्शन म्हणतात, परस्पर सर्व कारभार बंद करूं नये. गांवच्या तलाठ्यास एखादी नोंद मिळाली नाहीं, तर तो तालुक्याची कचेरी बंद करीत नाहीं; तो तहसीलदारांस कळवितो, आणि काय करावयाचें तें वरून ठरतें. तसेंच फाइल वाचणाऱ्या भागानें "वाचतां आली नाहीं" हें आपल्यास बोलाविणाऱ्यास कळवावें. त्या एका फाइलीशिवाय चालेल कीं नाहीं, हें मुख्य भागास ठाऊक असतें. थांबण्याचा हुकूम त्यानेंच द्यावा. मात्र तलाठ्यानें नोंद न मिळतां आपल्या मनानें शून्य लिहून पाठवूं नये, ही अट दोहींकडे सारखीच आहे.

५. बोललें, पण ऐकलें कोणी ?

प्रोग्रॅमनें चारही कर्तव्यें बजावलीं तरी काम संपत नाहीं. इ. स. २०१७ च्या जानेवारी महिन्याच्या ३१ तारखेस गिटलॅब या प्रसिद्ध संस्थेंत एका कामगाराच्या हातून चुकीच्या संगणकावरील माहिती पुसली गेली. असें कधीं तरी होणारच, म्हणून रोज नक्कल काढून ठेवण्याची व्यवस्था होती. परंतु नकला ठेवण्याची जागा पाहिली तों ती रिकामी! नक्कल काढणारा पीजी डम्प हा कमांड लाइनचा प्रोग्रॅम माहितीकोशाहून जुन्या आवृत्तीचा होता. तो चालविला कीं आवृत्तींतील फरक पाहून चूक दाखवून थांबत असे. त्यानें आपलें कर्तव्य केलें होतें. चूक झाल्याचें पत्रही ई-मेलनें निघत होतें. पण त्या पत्रांवर आवश्यक ती ओळख नसल्यामुळें तीं वाटेंतच नाकारलीं जात. पत्र येत नाहीं, अर्थात् नक्कल नीट निघत आहे, असा समज होऊन बसला. शेवटीं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठीं काढलेली एक प्रत हातीं लागली, म्हणून त्यापूर्वीचें सर्व वांचलें. मधल्या सुमारें सहा तासांची माहिती मात्र गेली.

यावरून असें दिसेल कीं, केवळ वाईट बातमीची वाट पाहणें पुरेसें नाहीं. चांगली बातमी ठरलेल्या वेळीं आलीच पाहिजे असा नियम करावा, आणि ती न आल्यास तीच तक्रार समजावी. इ. स. २०१४ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत माळीण हें गांव दरडीखालीं गाडलें गेलें, तेव्हां ती वार्ता बाहेर कशी आली? सकाळीं नेहमींप्रमाणें एस. टी. ची गाडी तेथें गेली, आणि चालकास गांव जागेवर दिसलें नाहीं. गांवानें हांक मारली नव्हती. ठरलेल्या वेळीं ठरलेल्या ठिकाणीं जाऊन पाहणारा कोणी होता, म्हणून कळलें. संगणकाच्या व्यवस्थेंतही अशी एक रोजची एस. टी. असावी: रोज ठरलेल्या वेळीं दुसऱ्या एका प्रोग्रॅमनें जाऊन पाहावें कीं कालची नक्कल आहे काय, ती रिकामी तर नाहीं ना, आणि तींतून खरोखर माहिती परत मिळते काय.

६. स्वतः करून पाहण्यासारखे प्रयोग

वाचून जें समजतें तें करून पाहिल्यानें ठसतें. म्हणून खालील प्रयोग विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं अवश्य करावे.

(१) अस्तित्वांत नसलेल्या फाइलीचें नांव देऊन 'कॅट' ही आज्ञा चालवा. आलेलें वाक्य वहींत उतरून घ्या आणि वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकीं त्यांत कोणकोणत्या आहेत तें लिहा. लगेच पुढच्या ओळींत 'एको' आज्ञेस $? हें चिन्ह देऊन एक्झिट कोड काय आला तें पाहा.

(२) तीच आज्ञा > या चिन्हानें एका फाइलीकडे वळवून चालवा. तक्रारीचें वाक्य फाइलींत न जातां पडद्यावरच कां दिसतें, याचें कारण सांगा. नवी फाइल उघडून तींत काय आहे तेंही पाहा. एक रिकामी फाइल तयार झालेली आढळेल. ती कोणास पुरें उत्तर वाटण्याचा संभव आहे काय, याचा विचार करा.

(३) पांच पर्जन्यमापकांचा प्रोग्रॅम तुम्हांस येत असेल त्या भाषेंत लिहा. मग एक फाइल काढून टाका, दुसरींत आंकड्याऐवजीं अक्षरें लिहा, तिसरी रिकामी ठेवा, आणि प्रत्येक वेळीं तुमचा प्रोग्रॅम खरें बोलतो कीं नाहीं तें तपासा. आपला प्रोग्रॅम आपणच मोडून पाहणें हा या विद्येंतील उत्तम अभ्यास होय.

७. पालकांस दोन शब्द

हा पाठ मुलांसाठीं असला तरी त्यांतील तत्त्व घराघरांतील आहे, म्हणून पालकवर्गास दोन शब्द सांगण्याची परवानगी घेतों. प्रयोगशाळेंत एखाद्या मुलाचें वाचन घ्यावयाचें राहून जातें, आणि तो शेजाऱ्याच्या वहींत पाहून आंकडा भरितो. कां? रिकाम्या रकान्यास शिक्षा आहे, खोट्या आंकड्यास नाहीं, असें त्यास अनुभवानें कळलेलें असतें. तोच मुलगा उद्यां एखाद्या धरणावर, रुग्णालयांत किंवा पर्जन्यमापकाच्या कचेरींत बसून प्रोग्रॅम लिहील. आणि नोंद न मिळाल्यास तेथें शून्य भरण्याचें शहाणपण त्यानें शाळेंतच शिकलेलें असेल. "मला हें जमलें नाहीं, येथें माझें अडलें" असें जो मुलगा वेळेवर येऊन सांगतो, त्याच्यावर न रागावतां त्याचें ऐकून घ्यावें. तें सांगण्याचें धैर्य दुर्मिळ आहे.

आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें: आपल्या हातून लिहिला जाणारा प्रत्येक प्रोग्रॅम कधीं तरी अडणारच. अडण्याची लाज नाहीं. अडल्यावर तो कोठें थांबतो, काय सांगतो, मागून येणाऱ्यास कसा सांवध करितो आणि जातांना काय आवरून ठेवतो, यावरून त्याच्या लेखकाची परीक्षा होते. डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या कोणा कुटुंबानें त्या रात्रीं घर सोडावें कीं न सोडावें, हें कदाचित् तुमच्या प्रोग्रॅमच्या एका ओळीवर ठरावयाचें असेल. ती ओळ खरी असावी, आणि खरें सांगतां येत नसेल तर तसें तरी तींत स्पष्ट लिहिलेलें असावें.